शिणाणीचा डिंक

शिणाण्या साफ करताना शिंपल्यांच्या फटीतून बाहेर आलेला तो झुपका हाताला लागतोच. तपकिरी, काथ्यासारखा चिवट. बोटांत घट्ट धरून ओढला तरच सुटतो आणि मग थेट कचऱ्यात जातो. गोव्यात आणि तळकोकणात हे रोजचंच काम आहे. पण त्या झुपक्याच्या प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला काही मिलिमीटरची एक चकती असते. भरतीच्या लाटा अंगावर घेत शिणाणी खडक सोडत नाही, ती या चकत्यांच्या जोरावर.

ओल्या वस्तूला डिंक लागत नाही, हे आपण शाळेतल्या हस्तकलेच्या तासाला शिकलो. चिकटवायचं तर डिंकाने पृष्ठभागाला भिडायला हवं. ओल्या खडकावर मात्र पाण्याचा थर आधीच बसलेला असतो, त्यात समुद्रातल्या क्षारांचे कणही दगडाला बिलगलेले असतात. डिंक त्या पाण्यालाच भिडतो, दगडापर्यंत पोचतच नाही. आंघोळीत जखमेवरची पट्टी सुटते, तीही पाणी कडेने आत शिरतं म्हणून.

शिणाणी ओल्या दगडाला कशी चिकटते ते पाहण्यासारखं आहे. तिला जिभेसारखा एक पाय असतो. तो बाहेर काढून ती दगड चाचपते, जागा पसंत पडली की पायाचं टोक दगडावर दाबते आणि टोकातली खोलगट जागा किंचित वर उचलते. बाहेरचा समुद्र बाहेर राहतो. आतल्या त्या चिमुकल्या बंद खोलीत ती आम्लता वाढवते आणि पातळ प्रथिनं सोडते. पायावरच्या खाचेत, साच्यात ओतावा तसा, दोराही तयार होतो. काही मिनिटांत पाय मागे घेतला जातो. एक दोरा झाला, की पाय पुढच्या दोऱ्यासाठी पुन्हा बाहेर.

या प्रथिनांत आहे तरी काय, याचं उत्तर 1981 साली अमेरिकेतल्या कनेटिकट विद्यापीठात हर्बर्ट वेट आणि मार्विन टँझर यांनी दिलं. अटलांटिकमधल्या निळ्या शिणाणीच्या डिंकात त्यांना डोपा सापडलं. हे नाव आपल्याला वेगळ्या कारणाने परिचित आहे: कंपवाताच्या रुग्णांना देतात तेच हे डोपा, आणि आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांतही ते भरपूर असतं. दगडाला थेट भिडणाऱ्या एका प्रथिनात तर चौथ्या हिश्शाहून जास्त घटक डोपाचे असतात. डोपाच्या रेणूवर शेजारी शेजारी असलेले दोन हात खनिजांना आणि धातूंना पकडतात.

पण डोपा नाजूक असतं. समुद्राच्या किंचित अल्कधर्मी पाण्यात ते ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि दगड धरायची त्याची ताकद कमी होते. शिणाणीची ती आम्लता याचसाठी. शिवाय गंधक असलेलं आणखी एक प्रथिन बिघडलेलं डोपा दुरुस्त करतं. चकतीच्या आतल्या भागात मात्र हेच बिघडलेलं डोपा प्रथिनांना एकमेकांत गुंतवून चकती घट्ट करतं. आणि प्रथिनात डोपाच्या शेजारी बसणारं लायसिन हे अमिनो आम्ल दगडावरचे क्षारांचे कण हटवून डोपाला जागा करून देतं, हे अमेरिकेतल्या सांता बार्बरा इथल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं. मला या प्राण्याचं खरं कसब इथे दिसतं. रेणू ओळखणं सोपं. कोणता रेणू कधी, कुठे आणि कोणाच्या सोबतीने सोडायचा, हे अवघड.

शिणाण्यांतून डिंक काढून विकणं परवडणारं नाही. एका ग्रॅमसाठी सुमारे 10,000 शिणाण्या लागतात. म्हणून नक्कल आली. 2007 मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात फिलिप मेसरस्मिथ आणि हेशिन ली यांच्या लक्षात आलं, की डोपामिन या एकाच लहानशा रेणूत डोपाचे ते दोन हातही आहेत आणि लायसिनचा अमाइन गटही. डोपामिनच्या अल्कधर्मी द्रावणात वस्तू दिवसभर बुडवून ठेवली, की तिच्यावर काळपट, अतिशय पातळ लेप चढतो. ज्याला काहीच चिकटत नाही त्या टेफ्लॉनवरसुद्धा. पुढे कोरियात परतलेल्या लींच्या गटाने, कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून मिळणाऱ्या कायटोसानला डोपाचे तेच दोन हात जोडून इंजेक्शनच्या सुईवर त्याचा लेप दिला. सुई बाहेर काढताना लेप छिद्रातच राहतो आणि रक्त येत नाही. रक्त न गोठणाऱ्या उंदरांवरही ही सुई चालल्याचं 2017 मध्ये प्रसिद्ध झालं.

तरीही मला विचाराल तर या विद्येचं सगळ्यात मोठं काम प्लायवूडमध्ये झालं. नवं कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरतात ना, त्यामागे बऱ्याचदा लाकडाच्या डिंकातलं फॉर्माल्डिहाइड असतं, आणि ते कर्करोगकारक आहे. ऑरेगन राज्य विद्यापीठातल्या काईचांग ली यांनी लाटांचा मार खात खडकाला चिकटून राहणाऱ्या शिणाण्या पाहिल्या आणि त्यांच्या प्रथिनांचा विचार मनात धरून सोयाबीनच्या पिठाकडे वळले. कागद ओला झाल्यावर फाटू नये म्हणून त्यात घालतात ती राळ त्यांनी सोयाबीनमध्ये मिसळली. कोलंबिया फॉरेस्ट प्रॉडक्ट्स या कंपनीने त्या डिंकावर प्लायवूडचे कारखाने चालवले, आणि 2007 मध्ये या कामाला अमेरिकी सरकारचा हरित रसायनशास्त्राचा पुरस्कार मिळाला. या डिंकात डोपा नाही. समुद्राकडून घेतलेला धडा शेतातल्या मालावर चालवला, म्हणूनच तो स्वस्त पडला आणि कारखान्यात टिकला.

केरळ-कर्नाटकाच्या खाड्यांत हिरव्या शिणाण्यांची शेती होते. पिल्लं दोरावर ठेवून वरून पातळ सुती कापड गुंडाळतात आणि दोर पाण्यात सोडतात. थोड्याच दिवसांत कापड कुजून गळून पडतं. तोवर पिल्लांनी दोर धरलेला असतो.