दावणीची घोडी : नित्याची निगा

बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या दावणीला आज बहुधा बैलजोडी, म्हैस वा शेळ्या आढळतात. घोडी क्वचितच दिसते. निजामशाहीतील मातबर सरदार लखुजी जाधवराव ज्या सिंदखेडराजाचे, त्या मुलखात घोडा हे एके काळी वैभवाचे लक्षण होते. आता ते दिवस राहिले नाहीत. तथापि मेंढपाळांचे बिऱ्हाड वाहण्यास आणि लग्नसराईत वरातीस घोडी पाळणारी कुटुंबे अद्याप आहेत. अशा घरात ती घोडी दगावली, तर त्या हंगामाची मिळकतच बुडते. म्हणून तिची निगा कशी राखावी, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

घोडी म्हणजे बैल नव्हे

बैल रवंथ करतो, घोडा करीत नाही. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते व त्याला ओकारी होत नाही. त्यामुळे एका वेळी भरपूर दाणा घातल्यास पोटशूळ उठतो आणि जनावर काही तासांत दगावू शकते. याकरिता खुराक दोन-तीन वेळा विभागून द्यावा. अडीचशे किलो वजनाच्या तट्टास दिवसाकाठी चार ते पाच किलो वाळलेली वैरण लागते. कडबा कुट्टी करून, धूळ झाडून द्यावा. बुरशी आलेले सोयाबीनचे कुटार मुळीच घालू नये. स्वच्छ पाणी दिवसभर मिळावे. वीस ते चाळीस लिटर, आणि उन्हाळ्यात अधिकही लागते.

सतत हिरवी ज्वारी चारल्याने घोड्यास मूत्राशयाचा विकार होऊन मागील पाय लुळे पडतात. कोंबड्यांचे खाद्य तर चुकूनही देऊ नये. त्यात मिसळलेले मोनेन्सिन हे औषध कोंबडीस मानवते. घोड्याच्या मात्र हृदयावर आघात करून प्राण घेते.

खुरांची काळजी

काळ्या जमिनीचा चिखल पावसाळ्यात खुरात घट्ट बसतो व खालचा मऊ भाग सडून दुर्गंधी येते. यास्तव दररोज खूर उचलून साफ करावे आणि उभे राहण्याची जागा कोरडी ठेवावी. सहा ते आठ आठवड्यांनी जाणत्या नालबंदाकडून खूर छाटून घ्यावे. खिळा वा काटा रुतल्यास जखम लहान दिसली तरी तत्काळ पशुवैद्यकास दाखवावी, कारण घोडा धनुर्वातास फार लवकर बळी पडतो. धनुर्वाताची लस आधीच टोचून घेणे हाच खरा उपाय होय.

रोज खरारा केल्याने अंग स्वच्छ होते, शिवाय खोगिराखालची सूज, गोचीड व जखमा वेळीच हाताला लागतात.

धोक्याच्या खुणा

घोडी वारंवार पोटाकडे पाहू लागली, जमिनीवर लोळू लागली, लीद थांबली, तर दाणा बंद करून विनाविलंब पशुवैद्यकास बोलवावे. घरगुती काढा नळीने पाजू नये; तो फुप्फुसात जाण्याची भीती असते.

नाकातून चिकट पिवळसर स्राव आणि कातडीवर गाठी व व्रण दिसल्यास ग्लँडर्सचा संशय घ्यावा. हा रोग माणसासही होतो. जनावर ताबडतोब वेगळे बांधावे, त्याची बादली व तोबरा इतरांस वापरू नये. २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोग प्रतिबंधक कायद्यानुसार असा रोग कळविणे मालकाचे कर्तव्य आहे. जनावर जाईल या भीतीने रोग लपविणारा आपल्या मुलाबाळांस संकटात लोटतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील घोड्यांची नोंद ठेवावी, लग्नसराईपूर्वी त्यांची तपासणी व लसीकरण घडवून आणावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता प्रत्येक मालकास माहीत करून द्यावा. घोडीच्या निगेस पैशापेक्षा नियमितपणाच अधिक लागतो, आणि तो प्रत्येक शेतकऱ्याच्या हातचा आहे.