रूळ उखडण्यापूर्वी

सांताक्रूझ हे नाव उच्चारताच मुंबईकराच्या डोळ्यांपुढे पश्चिम रेल्वेचे गजबजलेले स्थानक उभे राहते. त्याच नावाचे एक गाव अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियात आहे. आणि योगायोग असा की, त्या गावातही रेल्वेचाच प्रश्न ऐरणीवर आला आहे. तेथील नागरिकांत गेली कित्येक वर्षे जो वाद माजला आहे, तो अवघ्या 32 मैल लांबीच्या एका जुन्या लोहमार्गाविषयी आहे. एक पक्ष म्हणतो, मालगाडीचे हे रूळ राहू द्या. उद्या त्यांवरून उतारूंची गाडीही धावेल. दुसरा पक्ष म्हणतो, गंजलेले रूळ काढा आणि त्या जागी सायकलस्वारांसाठी व पादचाऱ्यांसाठी प्रशस्त मार्ग करा. वरवर पाहता हा परक्या मुलुखातील घरगुती तंटा वाटेल. परंतु पूर्वजांनी निर्माण केलेल्या सार्वजनिक ठेव्याचा उपभोग आजच्या पिढीने कोणत्या मर्यादेपर्यंत घ्यावा, हा त्याच्या बुडाशी असलेला प्रश्न परका नाही. म्हणूनच त्याचा विचार येथे करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या मार्गाचा इतिहास 1876 पर्यंत मागे जातो. पजारो जंक्शनपासून वॉट्सनव्हिल, कॅपिटोला आणि सांताक्रूझ अशी गावे घेत, समुद्राच्या कडेकडेने तो डॅव्हनपोर्टला पोहोचतो. डॅव्हनपोर्टचा सिमेंट कारखाना हा त्याचा मोठा आश्रयदाता होता. 2010 मध्ये कारखाना बंद पडला आणि मार्गाच्या मोठ्या भागावरील मालवाहतूक जवळजवळ आटली. तेव्हा जिल्ह्याच्या परिवहन मंडळाने 2012 मध्ये युनियन पॅसिफिक कंपनीकडून हा संपूर्ण मार्ग 1 कोटी 42 लक्ष डॉलरांना विकत घेतला. या पैशाचा मोठा भाग कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 1990 मध्ये रेल्वेसाठी म्हणून मंजूर केलेल्या कर्जरोख्यांतून आला होता. खरेदी लोकांच्या पैशाने आणि रेल्वेच्या नावाने झाली, ही गोष्ट पुढील वादात वारंवार विसरली जाते.

सायकलमार्गाच्या पुरस्कर्त्यांची बाजू पोकळ आहे असे मात्र कोणी समजू नये. 2017 च्या वादळी पावसात मार्गाची ठिकठिकाणी हानी झाली. आज मालगाड्यांची वर्दळ वॉट्सनव्हिलच्या परिसरापुरतीच उरली आहे; अन्यत्र रुळांमध्ये गवत माजले आहे. रुळांच्या शेजारी स्वतंत्र मार्ग बांधायचा म्हणजे डोंगर कापावे लागतात, भिंती उभाराव्या लागतात, झाडे तोडावी लागतात आणि पुलांवर तर जागाच अपुरी पडते. जी गाडी केव्हा येईल याचा नेम नाही, तिच्यासाठी शाळकरी मुलांनी आणि वृद्धांनी भरधाव मोटारींच्या रस्त्यावरून किती काळ जावे, असा त्यांचा रोकडा सवाल आहे. त्यात भर म्हणजे, उतारूंच्या गाडीसह सर्व कामांचा जो अंदाज 2025 मध्ये पुढे आला, तो चार अब्ज डॉलरांच्या वर गेला. एका लहान जिल्ह्याला हा आकडा पेलणारा नव्हे.

दुसऱ्या बाजूला वॉट्सनव्हिल आहे. ही शेतमजुरांची, स्ट्रॉबेरीच्या मळ्यांची आणि अन्नप्रक्रिया कारखान्यांची वस्ती. तेथून हजारो माणसे रोज कामासाठी सांताक्रूझकडे निघतात आणि एक नंबरच्या महामार्गावरील मोटारींच्या रांगांत अडकून पडतात. समुद्रकाठी घर असणाऱ्याला सायकल हे आरोग्याचे साधन असेल. पण पहाटे घर सोडून दूरच्या गावी कामावर जाणाऱ्याला गाडी हवी असते. मालवाहतुकीचेही तसेच आहे. मालगाडीचा एक डबा तीन-चार मालमोटारींचे ओझे वाहतो. तो डबा बंद झाला की ते ओझे नाहीसे होत नाही, ते त्याच तुंबलेल्या महामार्गावर येते. फेल्टनच्या जंगलातून समुद्रकिनाऱ्यावर येणारी प्रवाशांची हौशी गाडीही याच मार्गाला जोडलेली आहे. मुख्य मार्ग तुटला, तर देशातील रेल्वेच्या जाळ्याशी तिचे नाते तुटते.

या पेचावर अमेरिकन कायद्याने एक मधला उपाय काढला आहे. 1916 च्या सुमारास त्या देशात अडीच लक्ष मैलांहून अधिक लोहमार्ग होते. पुढे मोटारींच्या स्पर्धेत त्यांतील फार मोठा हिस्सा मोडीत निघाला. मार्ग सोडला की जमिनीचे तुकडे शेजारच्या मालकांकडे जात आणि अखंड पट्टा कायमचा नष्ट होई. हे थांबवण्यासाठी 1983 मध्ये काँग्रेसने तरतूद केली की, भविष्यातील रेल्वेसाठी पट्टा राखून ठेवावा आणि तोपर्यंत त्यावर पायवाट चालवावी. 1990 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद उचलून धरली. रूळ गेले तरी रेल्वेचा हक्क शाबूत राहतो, असे सायकलपक्ष सांगतो तो याच आधारावर. कागदावर ते खरेही आहे. पण अनुभव असा की, अशा रीतीने राखून ठेवलेल्या मार्गांपैकी फारच थोड्यांवर पुन्हा गाडी धावली. एकदा लोकांना बाग मिळाली की बागेतून रूळ टाकण्याचे धैर्य कोणत्या लोकप्रतिनिधीला होणार?

लोकांनी आपला कौल दोन वेळा दिला आहे. नोव्हेंबर 2016 मध्ये त्यांनी तीस वर्षांसाठी अर्धा टक्का विक्रीकर स्वतःवर लादून घेतला. त्यातील 17 टक्के पायवाटांसाठी आणि 8 टक्के लोहमार्गाच्या पट्ट्यासाठी राखून ठेवला. जून 2022 मध्ये रुळांऐवजी पायवाट करण्याचा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा सुमारे 73 टक्के मतदारांनी तो फेटाळला. हा कौल निःसंदिग्ध आहे. परंतु गाडी हवी असे म्हणणे वेगळे आणि गाडीचे मोल मोजणे वेगळे. मतपेटीतून इच्छा निघते, पैसा निघत नाही.

आमच्या मते या वादाचा निवाडा एका साध्या कसोटीने व्हावा: कोणती चूक दुरुस्त करता येते आणि कोणती येत नाही? पायवाट लांबली, अरुंद झाली, वळसा घालून न्यावी लागली, तर ती चूक पुढे सुधारता येईल. पण गावागावांतून जाणारा अखंड लोहमार्ग एकदा मोडला, तर आजच्या जमिनीच्या भावात तो पुन्हा उभा करणे कोणाच्याही आवाक्यातील नाही. म्हणून जेथे रुंदी आहे तेथे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी, मध्ये कुंपण घालून करावेत; जेथे नाही तेथे सायकलने वळसा घ्यावा. मात्र रेल्वेपक्षानेही गंजलेल्या रुळांवर पहारा देत बसणे म्हणजे रेल्वे वाचवणे, अशी समजूत करून घेऊ नये. कोणता टप्पा केव्हा आणि कोणाच्या पैशाने चालू होणार, हे त्यांनी लोकांपुढे स्वच्छ मांडले पाहिजे. हे अशक्य नाही. त्याच राज्यातील सोनोमा आणि मरीन या जिल्ह्यांनी 2008 मध्ये पाव टक्का कर मंजूर करून जुन्या मार्गावर 2017 पासून उतारूंची गाडी चालू केली. तेथे मालगाडीही धावते आणि रुळांच्या शेजारी पायवाटही टप्प्याटप्प्याने वाढते आहे.

आपल्याकडे हा प्रश्न उद्भवणार नाही, अशा भ्रमात आपण राहू नये. विदर्भाचा कापूस वाहण्यासाठी घातलेली यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही ‘शकुंतला’ बंद पडली आहे आणि तिच्या रुंदीकरणाची मागणी लोक करीत आहेत. याउलट 1897 मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अरुंद होती म्हणून कोणी ती मोडीत काढली नाही. तिचे रुंदीकरण झाले आणि आज लातूरचा उतारू थेट मुंबईला येतो. मार्ग मोडीत निघाला नाही म्हणूनच हे घडले.

जमिनीचा तो चिंचोळा पट्टा आजच्या सायकलस्वाराचा आहे, उद्याच्या उतारूचाही आहे. आज त्यावर मतदान करणाऱ्यांत उद्याचा उतारू नसतो. त्याच्या वतीने विचार करणे, हेच शहाण्या नागरिकांचे कर्तव्य होय.