घर पाहावे तपासून

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे म्हणतात. भारतात घर घेणाऱ्या आपल्यासारख्या ओमानवासीयांनी त्यात ‘तपासून’ हा शब्दही जोडायला हवा. आम्हाला तो ठेच लागल्यावर सुचला.

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटचा ताबा मिळायची वेळ आली, पण ह्यांना मस्कतहून रजा मिळेना. म्हणून बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, नावे कुलमुखत्यारपत्र केले. बिल्डरच्या माणसांनी पेढे दिले, किल्ली हातात ठेवली आणि ‘घर तपासून समाधानकारक स्थितीत मिळाले’ अशा कागदावर सही मागितली. बाबा सत्तरीचे, भिडस्त. “पेढा खाल्ल्यावर चुका कशा काढायच्या?” म्हणत सही करून आले. पहिल्याच पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल आली. बाथरूममधले पाणी जाळीकडे जाण्याऐवजी दाराकडे येऊ लागले. बाबा कितीतरी दिवस स्वतःलाच दोष देत राहिले. खरे तर न शिकवलेल्या धड्याच्या परीक्षेला आम्हीच त्यांना बसवले होते.

म्हणून सांगते, ताब्याआधी स्वतंत्र सिव्हिल इंजिनिअरकडून घर तपासून घ्या. तो बिल्डरने सुचवलेला नसावा, आणि त्याने फोटोंसह लेखी अहवाल द्यावा. त्या वेळी व्हिडिओ कॉलवर आपणही हजर राहावे. शक्य असेल तर तपासणी पावसाळ्यात करावी. उन्हाळ्यात नव्या रंगाखाली ओल दिसत नाही.

काही गोष्टी घरच्यांनाही पाहता येतात. बाथरूममध्ये आणि बाल्कनीत बादलीभर पाणी ओतून उतार बघा. फरशीवर नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज आला तर ती खालून नीट बसलेली नाही. प्रत्येक सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. सगळे नळ एकदम सोडा, दारे-खिडक्या उघडून-लावून बघा. टेपने खोल्या मोजून करारातल्या कार्पेट क्षेत्रफळाशी ताळा करा. आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय ताबा घेऊ नका.

सापडलेले दोष बिल्डरला लेखी कळवून पोच घ्या. ताबापत्रावर सही करण्यापूर्वी ही यादी त्याला जोडा.

सही होऊन गेली असली, तरी सगळे संपत नाही. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार, ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष लक्षात आणून दिल्यास बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. न केल्यास भरपाई मागता येते. महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत प्रकल्पाविषयी महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते, म्हणजे मस्कतमध्ये बसूनही.

आम्ही कलमाचा उल्लेख करून फोटोंसह पत्र पाठवले. दुसऱ्या पत्रानंतर भिंत आणि बाथरूम, दोन्हींची दुरुस्ती झाली. त्या कामाच्या वेळी बाबा स्वतः बादली घेऊन उभे होते. पाणी जाळीकडे वळल्यावरच त्यांनी कागदावर सही केली. या वेळी पेढे त्यांनी आणले होते.