दोस्तांची फौज

धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गचा किल्ला तुम्ही पाहिला असेल. पावसाळ्यात बोरी नदीचे पाणी बंधाऱ्यावरून कोसळते आणि बंधाऱ्याच्या पोटातील पाणीमहालातून ते पाहता येते. १८५३ साली मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी येथे कारभार पाहायला आला. हा मुलूख निजामाचा; पण आता तो कंपनी सरकार चालवणार होते. निजाम हरला होता का? नाही. निजाम आणि कंपनी एकमेकांचे दोस्त होते! मग दोस्ताने दोस्ताचा मुलूख का घेतला?

आधी दूरचे एक उदाहरण पाहू. अमेरिकेतील वसाहती इंग्लंडविरुद्ध लढत होत्या. १७७८ साली फ्रान्सने त्यांच्याशी तह केला आणि पैसा, फौज व आरमार पाठवले. १७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला. अमेरिका स्वतंत्र झाली. फ्रान्सच्या डोक्यावर मात्र कर्जाचा डोंगर झाला. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवा : काम संपल्यावर फ्रेंच फौज अमेरिकेतून निघून गेली. पुढे दोन्ही महायुद्धांत अमेरिकेची फौज फ्रान्सच्या मदतीला धावली.

हरलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला. त्याने १७९० मध्ये टिपू सुलतानाविरुद्ध निजाम आणि मराठे यांच्याशी करार केला.

निजामाला परक्या फौजेची सवय त्याआधीच लागली होती. बुसी या फ्रेंच सेनापतीच्या फौजेच्या पगारासाठी १७५३ साली निजामाने उत्तर सरकारचा किनारी मुलूख फ्रेंचांना दिला होता. १७९५ मध्ये भूम तालुक्याच्या पलीकडे, खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. इंग्रज दोस्त असूनही तटस्थ राहिले. नाराज झालेल्या निजाम अलीने रेमाँ या फ्रेंच सरदाराची फौज वाढवली. हा रेमाँ लोकांचा मोठा लाडका. कोणी त्याला मूसा रहीम म्हणत, कोणी मूसा राम! हैदराबादेतील मूसारामबाग हे नाव त्याचेच.

१७९८ मध्ये रेमाँ वारला. त्याच वर्षी इंग्रजांनी निजामाशी नवा तह केला. फ्रेंच अंमलदारांना काढायचे, कंपनीच्या सहा पलटणी ठेवायच्या आणि त्यांच्यासाठी दरसाल सुमारे २४ लाख रुपये द्यायचे, असे ठरले. हीच तैनाती फौज. रेमाँच्या शिपायांचा पगार थकला होता. त्यांनी आपल्याच अंमलदारांना कैद केले. त्यामुळे ती फौज लढाईशिवाय मोडली गेली.

फौज, करार, कर्ज, खजिना हे शब्द तुम्हांला उर्दूतून माहीत आहेतच. पुढची हकिकत याच चार शब्दांत मावते.

ही फौज परत जाणारी नव्हती. १८०० साली तिच्या खर्चापोटी निजामाने टिपूकडून मिळालेला मुलूख कंपनीला देऊन टाकला. एवढ्यावर भागले नाही. हैदराबाद कंटिंजंट नावाची आणखी एक फौज उभी राहिली. शिपाई निजामाच्या पगारावर, हुकूम इंग्रज अंमलदारांचा. पगाराला पैसे कमी पडले की कंपनी व्याजाने उसने देई. म्हणजे फौजही त्यांची आणि सावकारही तेच! निजामाच्या दरबारातील उधळपट्टीनेही खजिना रिकामा केला होता, हेही खरेच.

१८५३ मध्ये डलहौसीने हिशोब पुढे केला. निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग–धाराशिवचा मुलूख कंपनीच्या ताब्यात दिला. नळदुर्गच्या शेतकऱ्याचा सारा आता कंटिंजंटच्या पगाराला जाऊ लागला. त्याला कोणी विचारले नव्हते.

१८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याचे बक्षीस म्हणून १८६० मध्ये रायचूर आणि धाराशिव परत मिळाले, ५० लाखांचे कर्जही माफ झाले. वऱ्हाड मात्र परत आले नाही. १९०२ साली ते दरसाल २५ लाखांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले. पुढच्याच वर्षी कंटिंजंट ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत विलीन करण्यात आली.