जुन्या मेजाच्या वयाची साक्ष

वारशाने आलेल्या गोल मेजाचे वय ठरवताना नक्षीपेक्षा मोजपट्टी अधिक विश्वासार्ह ठरते, कारण लाकूड वाळताना तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, मात्र त्यांच्या आडव्या दिशेने आकसते, आणि त्यामुळे मुळात वर्तुळाकार असलेला भरीव लाकडाचा पृष्ठभाग कालांतराने किंचित लंबगोल होतो. साग तुलनेने कमी आकसत असल्याने त्यात हा फरक सूक्ष्म असतो. अशा वेळी न दिसणारी खालची बाजू तपासावी. तेथील सरळ, असमान ओरखडे बहुधा हातकरवतीचे, तर कमानदार ओरखडे एकोणिसाव्या शतकात रूढ झालेल्या चक्राकार यांत्रिक करवतीचे असतात. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकाआधीचा सहसा नसतो. तो नंतरच्या दुरुस्तीतला आहे, असे विक्रेते सोयीने सांगतात, आणि ते प्रत्येक वेळी खोटे नसते. ‘पॅटिना’, म्हणजे हवा, उजेड व हाताळणीने पृष्ठभागावर चढलेली झाक, घासून नवे पॉलिश दिल्यास संग्राहकांच्या दृष्टीने किंमत बहुधा घटते. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार किमान १०० वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तूची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही.