आईचा चेहरा थिजतो तेव्हा

सहा-सात महिन्यांच्या बाळाशी आजी ‘बुवाऽऽ कुक’ खेळते. पदराआडून तोंड बाहेर आलं की बाळ खिदळतं, पाय झाडतं आणि पुन्हा पदराकडे टक लावून बसतं. आपण काही केलं की समोरून उत्तर येतं, हे ते त्या खेळात शिकत असतं.

हे उत्तर बंद झालं तर? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970च्या दशकात हेच तपासलं. आई आधी बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग दोनेक मिनिटं निर्विकार चेहऱ्याने त्याच्याकडे नुसती पाहत राहते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, किंचाळतं. काहीच चालेना तेव्हा मान वळवतं, रडकुंडीला येतं. या प्रयोगाची चित्रफीत पाहताना दर वेळी माझा जीव खालीवर होतो. दोन मिनिटं किती मोठी असतात!

ट्रॉनिक यांचं पुढचं निरीक्षण मला जास्त मोलाचं वाटतं. चांगल्या नात्यातही आई-बाळाचे सूर जुळलेले असतात ते साधारण 30 टक्केच वेळ. बाकी चुकामूक, आणि मग पुन्हा जुळवून घेणं. भूक लागली असेल म्हणून आई पाजायला घेते, बाळाला हवी असते झोप. ते तोंड फिरवतं, ती खांद्यावर टाकून थोपटते, डोळे मिटतात. अशा बारीकसारीक दुरुस्त्यांतून बाळाचा भरवसा तयार होतो. दिवसभराच्या कामाने दमून एखाद्या संध्याकाळी गप्प राहिलेल्या आईने स्वतःला बोल लावू नये, ते यासाठीच. प्रयोगातही आई पुन्हा हसू-बोलू लागली, की बाळ थोडा वेळ कुरकुरतं, मग हळूहळू तिच्याकडे वळतं.