धातूचें बळ

धातूची वस्तु बाहेरून कितीहि सफाईदार दिसली, तरी तिचें बळ डोळ्यांना न दिसणाऱ्या रचनेंत असतें. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपति शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचें अनावरण ता. 4 डिसेंबर 2023 रोजीं झालें, आणि ता. 26 ऑगस्ट 2024 रोजीं तो कोसळला. चौकशीच्या अहवालांत सांगाड्याची दुर्बळता, सदोष वेल्डिंग आणि गंज हीं कारणें देण्यांत आलीं. सांध्याचें महत्त्व त्या दुःखद प्रसंगानें सर्वांच्या ध्यानीं आलें.

वेल्डिंग म्हणजे दोन तुकड्यांच्या कडा वितळवून त्या एकजीव करणें. कडा वितळतांच धातूची जुनी घडण मोडते व थिजतांना नवी जमते. हल्लीं यंत्राचा अख्खा भागच अशा सांध्यांनी घडविण्याची विद्या निघाली आहे. धातूच्या भुकटीचा, मिलिमीटरच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याइतका पातळ थर पसरावयाचा, लेसर किरणानें हवा तेवढाच भाग वितळवावयाचा, आणि त्यावर पुढचा थर द्यावयाचा. चिऱ्याची भिंत चढावी, तशी वस्तु चढत जाते.

या घडणीचा गुण शिरोड्याच्या मिठागरावरून समजेल. खारें पाणी उन्हांत सावकाश आटलें म्हणजे मिठाचे खडे मोठे होतात. तेंच चुलीवर भराभर आटविलें तर दाणा बारीक पडतो. धातूचेंहि तसेंच आहे. लेसरनें वितळलेला थेंब क्षणार्धांत थिजतो, म्हणून त्याचे स्फटिककण बारीक होतात. भार पडला असतां कणांतील पातळ्या एकमेकींवरून घसरूं पाहतात. कणाची सीमा येतांच ती घसरण अडते. सीमा जितक्या अधिक, तितका धातु वांकण्यास कठीण. यामुळें असा मिश्रधातु पुष्कळदां ओतीव मिश्रधातूहून बळकट भरतो.

परंतु दोषहि त्यांतच आहेत. नवा थर खालच्या थरास थोडा वितळवितो, आणि खालचेच कण वर वाढत जाऊन उभे व लांबट होतात. मग उभें बळ आणि आडवें बळ सारखें राहत नाहीं. भुकटी अर्धवट वितळल्यास आंत पोकळी राहते व तडा तेथूनच सुरू होतो. शीघ्र थिजण्यानें आंत ताणहि सांठतो. म्हणून वस्तु पुन्हां तापवून ताण उतरवितात, उष्ण वायूच्या प्रचंड दाबाखालीं पोकळ्या मिटवितात आणि क्ष-किरणांनी तपासतात.

भारतीय अवकाश संशोधन संस्थेनें ता. 9 मे 2024 रोजीं पी.एस.एल.व्ही. अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याचें असें इंजिन 665 सेकंद चालवून पाहिलें. 14 भागांचा एकच भाग झाला, वेल्डिंगचे 19 सांधे वगळले गेले, आणि 565 किलोग्रॅम धातूच्या जागीं 13.7 किलोग्रॅम भुकटी पुरली.

ते 19 सांधे गेले, तरी थराथरांतील असंख्य सांधे उरलेच. त्यांची परीक्षा केल्यावांचून अशा वस्तूवर भार घालणें शहाणपणाचें नव्हे. आणि जेथें खारा वारा बारमाही वाहतो, त्या किनाऱ्यावर तर नव्हेच नव्हे.